केबलचं खालचं टोक

दरवर्षी ईस्टर झाला की फान्श 'तादोर्न'च्या केबली तपासायला बसायचा. गुडघ्यांखाली जुनी उशी, शेजारी कॉफीचा थर्मास आणि तोंडाची अखंड टकळी. 'तादोर्न' ही त्याची आणि त्याच्या बायकोची, मारिवोनची, शिडाची बोट. जुनी, एका डोलकाठीची, दोघांपुरती. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा पोटातलं डिझेल इंजिन. इंजिन आतल्या जिन्याखाली, आणि ते चालवायचा दांडा मागे, सुकाणूपाशी. मधे दोन काळ्या केबली, सायकलच्या ब्रेकला असतात तशा, फक्त करंगळीएवढ्या जाड. एक वेगाची, एक गिअरची. दांडा पुढे ढकलला की बोट पुढे, मागे ओढला की मागे, मधे ठेवला की बोटीखालचा पंखा मोकळा.

फान्श दांड्यामागची फळी काढायचा, केबलींची वरची टोकं पुसायचा, मिठाची पुटं नखाने खरवडायचा, काळ्या आवरणाला कुठे चीर गेली आहे का ते बोटांनी चाचपायचा. मग ग्रीस लावून दांडा मागेपुढे करायचा आणि ओरडायचा, "लोणी! मारिवोन, ऐकतेस का? लोणी आहे नुसतं!"

वरच्या टोकांपुरतं ते खरंही होतं.

गिअरच्या केबलचं खालचं टोक मात्र इंजिनाच्या पाठीमागे होतं. तिथे जायला एकच वाट होती. सुकाणूजवळच्या बाकाचं झाकण उचलायचं, खालच्या कप्प्यात उतरायचं आणि बॅटरी नि डिझेलच्या टाकीमधल्या फटीतून पोटावर सरपटत पुढे जायचं. पूर्वी फान्श जायचा, शिव्या देत जायचा. मग त्याचा खुबा बदलला, बस चालवायची नोकरी संपली आणि पोट सुटलं. गेले तीन ईस्टर तो कप्प्यात डोकं खाली घालून विजेरी मारायचा आणि म्हणायचा, "दिसतंय तेवढं ठीक आहे."

मारिवोन काटकुळी होती. ती त्या फटीतून सहज गेली असती. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. पण तो कधी म्हणाला नाही, आणि तिने कधी विषय काढला नाही.

कारण लहानपणी आजोबांच्या घरी, सरकत्या दारांच्या लाकडी पेटी-पलंगात ती लपली असताना तिच्या चुलतभावाने बाहेरून खिट्टी लावली होती आणि तो गोठ्यात वासरू बघायला निघून गेला होता. घरचे शेतावर. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांची नखं सोललेली होती. तेव्हापासून मारिवोन लिफ्टमध्ये चढत नसे. न्हाणीघराचं दारसुद्धा किलकिलं ठेवून अंघोळ करी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात फान्शला हे कळलं, आणि एरवी सगळ्या जगाची थट्टा करणाऱ्या त्या माणसाने या एका गोष्टीची थट्टा कधी केली नाही.

बंदरातल्या मेकॅनिकला सांगायचं दरवर्षी ठरायचं. दरवर्षी तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. तोवर हवा चांगली पडायची आणि हे दोघं निघायचे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दांडा सकाळी जरा जड जायला लागला.

"जड जातोय रे," मारिवोन म्हणाली.

"थंडीने."

"ऑगस्टमध्ये?"

"ग्रीस थिजलं असेल. तू पण सकाळी जडच असतेस."

ती हसली. हसून विषय संपला, आणि तो संपला याचं तिला बरंच वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला तेच आठवत राहिलं, की बरं वाटलं होतं.

सप्टेंबरात ते वेसाँ बेटावर दोन दिवस राहून परत निघाले. बेटावरच्या लांपोलच्या खाडीतून बाहेर पडताना वारा होता, अगदीच बेताचा, पण होता. दिवस उधाणाचे. बेटाचं दक्षिण टोक वळसा घालून पार करायचं, मग बेट आणि मोलेनचे खडक यांच्यामधल्या फ्रोमव्हरच्या सामुद्रधुनीत शिरायचं आणि भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन वर निघून जायचं, असा बेत होता. आबेर-इल्दूतला दुपारच्या कॉफीला घरी. सगळे असंच करतात. फ्रोमव्हरचं पाणी घोड्यासारखं धावतं. आपण फक्त नाक सरळ ठेवायचं.

टोक पार केलं आणि वारा पडला. शीड लुळं झालं. लाटा मात्र तशाच येत राहिल्या, लांबलचक, गुळगुळीत, दूर पश्चिमेला कुठेतरी झालेल्या वादळाच्या. प्रत्येक लाटेबरोबर शिडाचा आडवा दांडा इकडून तिकडे आपटायचा.

"चला, इंजिनबाई, उठा," फान्श म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्याने दांडा पुढे ढकलला.

बोट हलली नाही.

त्याने पुन्हा मधे आणून पुढे ढकलला. इंजिनाचा आवाज वाढला, पण मागे पाण्यात पंख्याचा फेस काही उठला नाही. दांडा त्याच्या हातात ढिला पडला होता, दात हलावा तसा.

"काय झालं?" मारिवोनने विचारलं.

फान्श बोलला नाही. फान्श बोलत नाही म्हटल्यावर ती उठून उभी राहिली.

"फान्श. काय झालं?"

"गिअर पडत नाहीये. केबल सुटली खाली." त्याने दांडा मागे ओढून पाहिला. तिकडेही काही नाही. "खालचं टोक."

मारिवोनने समोर पाहिलं. केरेओनचा दीपस्तंभ मघापर्यंत डावीकडे-उजवीकडे कुठेतरी होता. समुद्रात एका खडकावर एकटा उभा असलेला करडा मनोरा, शंभरदा पाहिलेला. आता तो बरोबर नाकासमोर होता. आणि वाढत होता. बोट जागची हलत नव्हती असं तिला वाटलं होतं. खरं म्हणजे भरतीचं सगळं पाणी बोटीसकट तिकडे चाललं होतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी पाणी खडकावर चढून पांढरं होत होतं, जणू खडकच पाणी कापत त्यांच्याकडे येत होता.

"नांगर टाकू?"

"तळ कुठे आहे इथे? साखळी नुसती लोंबकळेल."

"वायरलेस."

त्याने हातात धरायचा वायरलेस उचलला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रातून एका बाईने शांतपणे नाव विचारलं, जागा विचारली, माणसं किती ते विचारलं.

"जीवरक्षक जाकिटं घाला, महाशय. बेटावरून बचाव नौका निघते आहे. साधारण अर्धा तास लागेल."

फान्शने "धन्यवाद, बाई" म्हटलं आणि वायरलेस बाकावर ठेवला. दोघांनीही मनोऱ्याकडे पाहिलं. अर्धा तास नव्हता. दहा मिनिटं असतील तर असतील.

"मी जातो आत," फान्श म्हणाला. बाकाचं झाकण उचलून त्याने दोऱ्या, धक्का अडवायचे फुगे, बादली सगळं बाहेर भिरकावलं, पाय आत टाकले आणि तो उतरला. खांदे गेले. पोट टाकीपाशी अडलं. त्याने श्वास सोडला, आणखी ढकललं, कण्हला. मग तिथेच अडकल्यासारखा थांबला आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. मारिवोनने त्याच्या काखेत हात घालून ओढलं तेव्हा तो कसाबसा वर आला. खुब्यावर हात दाबून तो बाकावर बसला. तिच्याकडे पाहायचं त्याने टाळलं.

तेवढ्यानेच तिला रडू फुटलं. तो अजूनही विचारत नव्हता. मरायची वेळ आली तरी हा माणूस विचारणार नव्हता.

"इंजिन बंद कर," ती म्हणाली.

"मारिवोन…"

"बंद कर म्हणते ना! चालू इंजिनापाशी मी जाणार नाही."

त्याने बंद केलं. मग धडपडत तो म्हणाला, "स्वेटर काढ. गळ्यातलं काढ. जाकीट… जाकीट घालून जाता येणार नाही. आत गेलीस की डोकं बोटीच्या पुढच्या टोकाकडे. समोर गिअरची पेटी, राखाडी रंगाची. तिच्या बाजूला बोटाएवढी दांडी आहे, तिला केबल लागलेली आहे. ती दांडी पुढे ढकल. पुढे म्हणजे इंजिनाकडे."

"नक्की?"

फान्शचे ओठ हलले. त्याने हवेत हात फिरवून पाहिला, डोळे मिटले. "इंजिनाकडे. हो. इंजिनाकडे."

"दिशा चुकीची असली तर?"

"तर मी ओरडेन. जा गं, जा."

ती पायरीवरून कप्प्यात उतरली. विजेरी दातात धरली. डोकं आत घातलं आणि बाहेरचा उजेड तिच्याच अंगाने बुजला.

इंजिन बंद असल्यामुळे आत शांतता असेल असं तिला वाटलं होतं. शांतता नव्हती. पातळ कवचाच्या पलीकडे पाणी कुजबुजत, गुरगुरत धावत होतं, कानाला लागून. आणि त्याच्यामागे आणखी एक आवाज, खालचा, सलग. लाटा फुटत होत्या. बाहेर असताना तो तिने ऐकला नव्हता.

बॅटरीच्या कडेला बरगड्या घासल्या. डिझेलचा वास नाकात, घशात. वर फळी पाठीला टेकलेली, खाली थंड तेलकट पाणी. लाट आली की सगळी बोट कलायची आणि ती फटीत आवळली जायची. छातीत हवा शिरेना. लहानपणीचं ते लाकूड, तो गवताच्या गादीचा वास, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. तिने मागे सरकायला सुरुवात केली. तिने ठरवलं नव्हतं, अंगच सरकत होतं.

"मारिवोन!" वरून आवाज आला. "काल ती लांपोलची धिरडी, कशी होती?"

ती थांबली. तोंडात विजेरी, बोलता येईना.

"चामडं होतं चामडं! आणि तू म्हणालीस, छान आहेत हो! त्या बाईच्या तोंडावर! खोटारडी कुठली!"

विजेरी तोंडातून पडली आणि तळाच्या पाण्यात तिरपी पेटत राहिली. "गप्प बस, म्हाताऱ्या!" ती किंचाळली. किंचाळली म्हणजे श्वास आत गेला होता. ती पुन्हा पुढे सरकली. एक कोपर, दुसरं कोपर.

राखाडी पेटी दिसली. बाजूला दांडीही दिसली. केबल अजून तिला चिकटलेली होती, पण केबलचं काळं आवरण पेटीला धरून ठेवणारा पत्र्याचा चिमटा गंजून तुटला होता आणि सगळी केबल नुसती लोंबकळत होती. म्हणून वर दांडा हलवला की इथे आवरणच मागेपुढे होत होतं, दांडी जागची हलत नव्हती. एवढीशी गोष्ट. बघितली असती तर दिसली असती.

तिने दांडी अंगठ्याने ढकलली. हलली नाही. तळहाताने ढकलली. 'कट्' आवाज झाला.

"झालं! फान्श, सुरू कर!"

इंजिन घरघरलं आणि पेटलं नाही. वर फान्शने कुणा संताचं नाव घेतलं की शिवी दिली, कळलं नाही. पुन्हा घरघर. मग एकदम सगळं थरथरलं आणि तिच्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर पंख्याचा दंड फिरायला लागला, चकचकीत, इतका वेगात की फिरतो आहे असं वाटेना. बोटीने पुढे उडी घेतली. बरोबर दिशा होती.

"चाललो! चाललो गं!" फान्श ओरडला. तेवढ्यात हिसका बसला, केबलच्या ओढीने दांडी मागे घसरली आणि इंजिन मोकळं भुंकायला लागलं.

"गेला! गिअर गेला!"

तिने पुन्हा दांडी ढकलली. 'कट्'. बोट ओढली गेली. तिने हात काढून पाहिला, दांडी लगेच घसरायला लागली. तिने ती परत दाबली. बांधायला दुसरा हात हवा होता. दुसरा हात छातीखाली चिमटला होता आणि तो बाहेर काढायचा म्हणजे त्या फिरत्या दंडावरून न्यावा लागणार होता.

"मी धरून ठेवते," ती ओरडली. "धरून ठेवल्याशिवाय राहत नाही. तू चालव!"

"धर! सोडू नकोस! मी सांगतो तुला सगळं. लांब आहे मनोरा, खूप लांब आहे. आपण उजवीकडे… नाही, डावीकडे काढतोय. मस्त काढतोय. तुझी बहीण रविवारी येणार आहे ना? तिचा नवरा आला तर मी सांगून ठेवतो, त्याच्या पायाच्या दुखण्याचं मी ऐकणार नाही. गेल्या वेळी सूप ते चीज, नुसता पाय…"

तो बोलत होता. ती दांडी दाबून पडली होती. अंगठ्याला गोळा आला, मग मनगटाला, मग खांद्यापर्यंत आग. गरम तेलाचे थेंब कपाळावर. ती रडत होती, नाक वाहत होतं, पुसायला हात नव्हता. तिने देवाची आठवण काढायचा प्रयत्न केला तर नुसता मेहुण्याचा पाय डोळ्यांपुढे यायला लागला.

मग फान्श बोलायचा थांबला.

वाक्याच्या मधेच थांबला. इंजिनाच्या आवाजावर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज चढला, इतका की तो बोटीच्या आतच आहे असं वाटलं. बोट एका अंगावर गेली. बॅटरीचा पट्टा कचकन ताणला. मारिवोनला कळलं की आता ते अगदी लागून चालले आहेत आणि त्याच्यापाशी खोटं बोलायलाही काही उरलेलं नाही. दांडी सोडून मागे सरकावं, बाहेर पडावं, निदान उघड्यावर मरावं, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. तिने ते केलं नाही. का केलं नाही हे तिला नंतरही सांगता आलं नाही. हात जिथे होता तिथेच राहिला.

बोट वर उचलली गेली, खाली पडली, पुन्हा उचलली गेली. कवचावर लाट धाडकन आपटली. ती वाट पाहत राहिली, दगडाच्या आवाजाची.

तो आला नाही. पाण्याचा आवाज हळूहळू मागे गेला.

बऱ्याच वेळाने वरून फान्शचा घोगरा आवाज आला, "मारिवोन? आहेस ना?"

"जाणार कुठे?"

सामुद्रधुनी ओलांडून मोकळं पाणी लागल्यावर त्याने इंजिन बंद केलं. मग तिला दोन्ही हात मिळाले. खिशातल्या दोरीच्या तुकड्याने तिने दांडी इंजिनाच्या पायाला करकचून बांधली आणि मागे सरकत बाहेर आली. उजेडात तिला काही दिसेना. फान्शने तिला धरून बाकावर बसवलं. बचाव नौका येऊन पोहोचली, तिने एक फेरी मारली, दोरी हवी का विचारलं. फान्शने इंजिन सुरू करून दाखवलं, तेव्हा ती बंदराच्या तोंडापर्यंत मागोमाग आली.

"किती जवळ होता?" मारिवोनने विचारलं.

फान्श समोर बघत सुकाणू धरून होता. "मनोऱ्याच्या खिडकीचे गज मोजता आले असते," तो म्हणाला. मग म्हणाला, "नको विचारूस."

आबेर-इल्दूतला गिअर सोडवायला पुन्हा आत जायला ती तयार नव्हती आणि त्यानेही म्हटलं नाही. आपल्या बोयापाशी, बोट बांधायच्या तरंगत्या गोळ्यापाशी, येताच त्याने इंजिनच बंद केलं आणि बोट वाहू दिली. पहिल्यांदा बोया हुकला. इफिग नावाचा समुद्रशेवाळ गोळा करणारा गडी तिथे जाळ्या धूत होता, त्याने होडी वल्हवत येऊन दोरी पकडली.

"काय रे फान्श, बस थांबवायची सवय गेली का?" तो म्हणाला. मग त्याने मारिवोनचं काळं, तेलकट, रडून सुजलेलं तोंड पाहिलं आणि मुकाट्याने दोरी बांधून निघून गेला.

मारिवोनने फडकं घेतलं आणि ती हात पुसायला लागली.

"मला विचारायचं होतंस," मारिवोन म्हणाली. "तीन वर्षं."

"विचारलं असतं तर गेली असतीस?"

तिने विचार केला. "नाही."

"म्हणून नाही विचारलं."

"मला माहीत होतं रे. तू खाली बघत नाहीस ते. दर ईस्टरला मला माहीत होतं." ती हात पुसत होती, तेल जात नव्हतं. "मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर जावं लागलं असतं."

फान्शने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि तिचा अंगठा पुसायला लागला. तो सुजला होता.

ऑक्टोबरात बोट किनाऱ्यावर चढवली. मेकॅनिक म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मारिवोन म्हणाली, नको, आम्ही करतो. फान्शने बाकाचं झाकण बिजागऱ्यांसकट काढून जमिनीवर नेऊन ठेवलं. पहिल्या दिवशी ती बॅटरीपर्यंत गेली आणि बाहेर येऊन शिडीखाली ओकली. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिने जुना चिमटा काढून आणला. तो हातात घेताच त्याचा भुगा झाला. मग नवी केबल, मोठ्या वळणाने, कुठे दुमडू न देता. नवा चिमटा, दोन स्क्रू, टोकाची खीळ आणि ती निसटू नये म्हणून तिच्यातून घातलेली छोटी पिन. प्रत्येक वस्तूला एकेक फेरी. फान्श वर बसून तिला पेपरातल्या मरणाच्या बातम्या वाचून दाखवायचा, कोण गेलं, कुणाचं कोण लागत होतं, आणि आतून ती दुरुस्त करायची, "ती नव्हे रे, तिची जाऊ."

ईस्टरनंतर हवा चांगली पडली. फान्श नकाशा उघडून बसला होता.

"वेसाँला जायचं का?" त्याने विचारलं. "जायचं तर…"

"उत्तरेकडून," मारिवोन म्हणाली.

उत्तरेची वाट केरेओनपासून दूरची, पण लांबची होती, अर्धा दिवस जास्त. फान्शने नकाशा फिरवला, पेन्सिल उचलली आणि बेटाच्या उत्तरेकडून रेघ ओढायला लागला.